सर्व बदला

मराठीत ‘बदला’ या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि कोड एडिटरमधल्या ‘सर्व बदला’ या बटणाला दोन्ही लागू पडतात. बटण बनवणाऱ्याच्या मनात पहिलाच असणार. मी दाबलं की दुसरा लागू होतो.

मी कामणला राहतो. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीनं निघालात की जूचंद्रनंतरचं स्टेशन, कामण रोड. दिवसातून मोजक्या गाड्या, त्यामुळे कामणच्या माणसाला वेळापत्रक पाठ असतं आणि घाई हा प्रकार अंगवळणी पडलेला नसतो. धंदा मात्र घाईचा मिळाला. अंधेरीची एक कंपनी पतसंस्था, सोसायट्या, वकील यांच्यासाठी मराठी अर्ज-नोटिसांचे साचे तयार करते. कर्जाचा अर्ज, जामीनदाराचं हमीपत्र, थकबाकीची पहिली नोटीस, दुसरी नोटीस, अंतिम नोटीस आणि अंतिमनंतरची नोटीस. हे सगळे साचे साध्या मजकुराच्या फायली म्हणून ठेवलेले असतात. त्यांत काही फिरवाफिरव करायची झाली की ती मी घरी बसून कोड एडिटरमध्ये करतो. गावात माझ्याबद्दल विचारलंत तर सांगतील, कॉम्प्युटरमध्ये आहे. कंपनीत विचारलंत तर सांगतील, टायपिंगचं बघतो.

टाइप मी इनस्क्रिप्टवर करतो. त्या मांडणीत म आणि ण एकाच कळीवर आहेत, इंग्रजी सी असतो तिथे. नुसती दाबली की म, शिफ्ट धरून दाबली की ण. ज्यांनी ही मांडणी केली ते विद्वान होते, पण त्यांच्यापैकी कुणाचं सासर-माहेर कामणला नसावं. क, काना, म, आणि लगेच त्याच कळीवर शिफ्टसकट ण. माझ्या कीबोर्डची शिफ्ट लागली तर लागते. नाही लागली की गावाचं नाव ‘कामम’ होतं.

मोबाइलची तऱ्हा वेगळी. रोमनमध्ये लिहिलं की तो ‘कमान’ उमटवतो. एकदा पार्सलवाल्या पोराचा फोन आला. “काका, कमानीजवळ उभा आहे.” म्हटलं, कुठल्या कमानीजवळ? म्हणाला, “तेच विचारायला फोन केला.” इंग्रजी ठेवलं तर ‘कॉमन रोड’ होतं. याला मी हरकत घेत नाही. चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा प्रत्येक ट्रक तसंच समजून चालतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. पालघर हा राज्यातला छत्तिसावा. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके तिकडे गेले. भिवंडी, कल्याण, शहापूर धरून सात तालुके ठाण्यातच राहिले. चारपाच दिवसांनी साहेबांचा फोन आला, “ठाणे आहे तिथे पालघर करून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.” पाच मिनिटांचं काम हा वेळेचा अंदाज नसतो, बिलाचा असतो.

दोनशे बारा फायली होत्या. कुणी ‘जि. ठाणे’ लिहिलेलं, कुणी जागा न सोडता ‘जि.ठाणे’, कुणी ‘जिल्हा-ठाणे’, कुणी ‘ठाणे जिल्हा’. पाच मिनिटांत बसवायचं म्हणून मी सरळ ‘ठाणे’ शोधलं, पुढच्या चौकटीत ‘पालघर’ घातलं आणि बटण दाबलं. दोन सेकंद लागले. चार मिनिटं अठ्ठावन्न सेकंद हातात उरली, त्यांत चहा घेतला.

संध्याकाळी पहिला फोन आला. ‘वालीव पोलीस पालघर’ म्हणजे काय, अशी पृच्छा होती. पोलीस ठाण्यातही ठाणे असतं हे मला जन्मापासून माहीत होतं, पण ते एडिटरला सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. ठाणे अंमलदाराचा ‘पालघर अंमलदार’ झाला होता. एका अर्जात ठाणेदाराचा ‘पालघरदार’ झाला होता, तो मात्र जुन्या वतनासारखा वाटून मला जरा आवडला. ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं जिल्हा फुटला तरी आपलं नाव ठाण्याचंच ठेवलं आहे. माझ्या नोटिशींत तिच्या जागी जगात नसलेली एक बँक उभी राहिली आणि थकबाकी सात दिवसांच्या आत तिथे भरा असा दम दिला गेला. एका कर्जदारानं लेखी कळवलं की आपली भरायची तयारी आहे, फक्त बँक दाखवा.

कामण रोडनंतरचं स्टेशन खारबाव. ते भिवंडी तालुक्यात, म्हणून ठाणे जिल्ह्यातच राहिलेलं. माझ्या दोन सेकंदांत तेही पालघरमध्ये आलं. राजपत्र नाही, हरकती-सूचना नाहीत, काही नाही.

इतकं करूनही जे बदलायला हवं होतं त्यातलं निम्मं बदललंच नव्हतं. ‘ठाण्यात’, ‘ठाण्याचा’, ‘ठाण्याहून’ हे सगळे शब्द जागच्या जागी हसत उभे होते. विभक्ती लागायच्या आधी शब्दाचं सामान्यरूप होतं, हे आम्हाला शाळेत छडी खाऊन शिकवलं होतं. एडिटरला कुणी छडी मारलेली नाही. इंग्रजी बरी, शब्दाच्या मागेपुढे काहीही उभं करा, मूळ शब्द हलत नाही. आपल्याकडे गावात शिरायच्या आधीच गावाचं नाव बदलतं. मग दुसरी फेरी: ‘ठाण्या’ शोधा, ‘पालघर’ घाला. ठाण्याचा ते पालघरचा, शुद्ध. ठाण्याहून ते पालघरहून, तेही शुद्ध. ठाण्यात ते पालघरत. अंतिम नोटिशीचं शेवटचं वाक्य असं झालं: ‘अन्यथा आपल्याविरुद्ध पोलीस पालघरत तक्रार दाखल करण्यात येईल.’ एका वकिलांनी ही कुठली बोली म्हणून चौकशी केली. मी वसईच्या पूर्वेकडची म्हणून सांगितलं. त्यांना ते पटलं याचंच मला जास्त वाईट वाटलं.

अशा वेळी जाणकार मंडळी एकच सल्ला देतात: रेग्युलर एक्स्प्रेशन वापरा. म्हणजे शब्द न शोधता शब्दाचं सूत्र शोधायचं. ही विद्या जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९६९ च्या सुमारास ‘एड’ नावाचा एडिटर लिहिला. त्यात ‘सगळीकडे, हे सूत्र, छापा’ असं सांगायला जी तीन टप्प्यांची आज्ञा होती तिच्यातूनच पुढे ‘ग्रेप’ हे नाव आलं. एका ओळीत हजारो ठिकाणं सापडतात. त्या सूत्रात शब्दाची सीमा दाखवणारी खूणही असते, अख्खा शब्दच सापडावा, पोटातला नको, यासाठी. मोठ्या आशेनं ती लावली. काही सापडलं नाही. चौकशीअंती कळलं की जावास्क्रिप्टच्या सूत्रांत शब्द म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ. बाकी सगळं शब्दाबाहेरचं. त्याच्या लेखी ज्ञानेश्वरीपासून आजच्या पेपरापर्यंतचं सगळं मराठी लेखन हे एक लांबलचक विरामचिन्ह आहे.

कंपनीत एक चोवीस वर्षांची मुलगी आहे. ती मला काका म्हणते. ही स्वतंत्र तक्रार आहे, पण ती इथे मांडत नाही. तिनं युक्ती सांगितली: आधी नुसती यादी करा, कुठल्या फायलीत कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत बदलायचं. यादी डोळ्यांनी तपासा. पोलीस ठाणी वगळा, बँक वगळा, खारबाव वगळा. उरलेले बदल एकदम लावा. मी तीन रात्री बसून यादी केली. त्यांतल्या दोन रात्री वीज नव्हती, त्या मी कागदावर केल्या. मग पहिल्या फायलीला वरून खाली बदल लावत गेलो आणि हमीपत्रात ‘जामीपालघराची सही’ असं उमटलं.

इथे जरा थांबून अक्षरं मोजावी लागतील. ‘ठाणे’ यात आपण दोन अक्षरं मोजतो. एडिटर चार मोजतो: ठ, काना, ण, मात्रा. ‘पालघर’मध्ये आपण चार मोजतो, तो पाच. म्हणजे प्रत्येक बदलागणिक पुढचा सगळा मजकूर एक घर सरकतो. माझी यादी मात्र सरकण्याआधीची. चाळिसाव्या बदलापाशी पोचेपर्यंत मी एकोणचाळीस घरं मागे होतो आणि ठाण्याच्या ऐवजी कुणा जामीनदाराच्या पोटात जिल्हा कोंबत होतो.

“काका, खालून वर यायचं,” ती म्हणाली. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं की मागच्या सगळ्यांचे नंबर हलतात आणि सगळे बोंबलतात. शेवटी येऊन उभं राहिलं तर कुणी मान वळवूनही बघत नाही. तसं शेवटचा बदल आधी, पहिला शेवटी. खालचं कितीही हललं तरी वरचे आकडे जागेवर राहतात. एडिटर स्वतःही अनेक बदल एकदम लावताना बहुधा हीच काळजी घेतात. हे इतकं साधं आहे की कुणी सांगितल्यावर राग येतो. मी तिला म्हटलं, मला माहीत होतं. ती “हो काका” म्हणाली.

ते निस्तरून दोन महिने झाले असतील. साहेबांना भाषेचा पुळका आला. ‘काम’ हा शब्द फार गावठी वाटतो, त्या जागी ‘कार्य’ हवं. पाच मिनिटांचं कार्य आहे. आता मी शहाणा झालो होतो, त्यामुळे मी नाही दाबलं. त्यांनी स्वतः दाबलं. कामगाराचा ‘कार्यगार’ झाला. मुक्कामाचं ‘मुक्कार्य’ झालं. ‘जागा रिकामी करून द्यावी’ याचं ‘जागा रिकार्यी करून द्यावी’ झालं, कारण काना-वेलांटी आपल्या जागी इमानानं चिकटून राहतात, खालचं अक्षर कुणी बदललं याची त्यांना पर्वा नसते. रिकामटेकडा हा शब्द आमच्या साच्यांत नव्हता, नाहीतर तो दिवस बरा गेला असता. आणि पत्त्याच्या रकान्यात ‘मु. पो. कार्यण’. म, ण, न, कमान, कॉमन एवढं सोसलेल्या गावाचं आता संस्कृतीकरण झालं होतं. मागे दिसणारा कामणदुर्गही सुटला नाही, तो कार्यणदुर्ग झाला.

हे पूर्ववत करा म्हणावं तर ‘कार्य’ शोधून ‘काम’ घालता येत नव्हतं. साच्यांत कार्यालय होतं, कार्यकारी मंडळ होतं. ‘कामालय’ आणि ‘कामकारी मंडळ’ अशा शिक्क्याची नोटीस कुणालाही पाठवणं बरं दिसलं नसतं.

कंट्रोल-झेड आहे की, असं सगळे म्हणतात. ते एडिटर उघडा असेपर्यंत. बंद झाला की तो बहुधा सगळं विसरतो, माणसासारखा कुढत बसत नाही. कागदावरच्या जगात तर कंट्रोल-झेड ही भानगड फारच सावकाश चालते. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली. त्यातली एकोणतीस गावं वगळण्याची अधिसूचना २०११ मध्ये निघाली. मग ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि गावं आत की बाहेर हे ठरायला इतकी वर्षं लागली की तेवढ्या काळात माझे तीन कीबोर्ड झिजले. माझ्या फायलींत त्या गावांना एकदा ग्रामपंचायत होती, एकदा महापालिका, आणि एका हुशार माणसानं केलेल्या साच्यात ‘ग्रामपंचायत/महापालिका (लागू नसेल ते खोडा)’. त्या माणसाला मी मनातल्या मनात गुरू केलं आहे.

बारीकसारीक बरंच आहे. ‘शेतकऱ्यांना’ यातला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक टायपिस्ट खाली टिंब असलेला ऱ घेऊन पाय मोडतो, दुसरा साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं अक्षर घालतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे, सख्खे जुळे. शोधताना एकच सापडतो. व्याजदर बदलला तेव्हा निम्म्या शेतकऱ्यांना नवा दर लागला आणि निम्म्यांना जुना, दोघेही एकाच गावचे. ‘ॲड.’ची तीच कथा. हा ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ ला आला. त्याआधीचे वकील अ वर चंद्र काढून झालेले आहेत आणि शोधलं तर सापडत नाहीत. युनिकोडच्याही आधीचे साचे आहेत, त्यांत फॉन्ट काढून घेतला की मराठीच्या खालून इंग्रजी अक्षरं आणि टिंबं-रेघा निघतात. त्यांच्या वाटेला मी जात नाही.

एवढं असून बदल झपाट्यानं लागतात याचं कौतुक मी मनापासून करतो. व्हीएस कोडवाल्यांनी २०१८ च्या सुरुवातीला आपल्या एडिटरचं पोट नव्यानं बांधलं. त्याआधी तो फाईलची ओळ अन् ओळ वेगळी सांभाळायचा. कुणाची तरी पस्तीस एमबीची फाईल होती, पण ओळी एक कोटी सदतीस लाख, आणि ती उघडायला सहाशे एमबी मेमरी लागायची. नव्या पद्धतीत मूळ मजकुराला कुणी हात लावत नाही. नवीन काही टाइप केलं की ते दुसरीकडे शेवटाला जोडलं जातं आणि एक यादी ठेवली जाते: पहिली हजार अक्षरं मूळ कागदातली, पुढची पाच नव्यातली, मग पुन्हा मूळ. ‘ठाणे’ खोडलं जात नाही, फक्त यादीतून वगळलं जातं. या रचनेवर त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. मी ते दोनदा वाचलं आणि म्हटलं, हा तर फेरफार.

तलाठ्याकडे हेच आहे. गाव नमुना सहा ही फेरफाराची नोंदवही. जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली, की तिथे नवी नोंद शेवटाला जोडायची. सातबाऱ्यावरचं जुनं नाव पुसायचं नाही, हातानं लिहायचे तेव्हा त्याला कंस करायचे आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालायचे. आजोबा कंसात गेले, पण गेले नाहीत. फरक इतकाच की फेरफार धरला की संबंधितांना नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. माझ्या एडिटरनं ठाण्याचं पालघर करताना खारबावला पंधरा दिवस दिले असते तर खारबावनं नक्की हरकत घेतली असती.

आमचा सातबारा हातानं लिहिलेला होता तोवर आजोबांचं नाव ठीक होतं. पुढे तो कॉम्प्युटरवर चढला. गेल्या वर्षी ऑनलाइन उतारा काढला तर आजोबा ‘नारायम’ झालेले. घरात सगळे संतापले. वडील म्हणाले, बापाचं नाव बदललं. मला मात्र ते नाव बघताक्षणी कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. म आणि ण. इंग्रजी सी ची कळ. कुठे, कधी, कुणी बसून ते टाइप केलं माहीत नाही, पण त्याची शिफ्ट माझ्यासारखीच होती.

सातबाऱ्यावरची अशी चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये कलम १५५ आहे. अशा चुकीला कायद्यात लेखनप्रमाद म्हणतात. इतकी वर्षं मी जे करून पोट भरतो त्याला इतका भारदस्त शब्द आहे हे मला तेव्हा कळलं. मी अर्ज स्वतःच टाइप केला. विषय: लेखनप्रमाद दुरुस्त होणेबाबत. आजोबांचं नाव तीनदा तपासलं, एकेक अक्षर बोटानं. चुकीचं कोणतं, बरोबर कोणतं, दोन्ही अवतरणांत घातलं. सोबत जुना उतारा, फेरफाराची प्रत, आधार. दोन प्रती काढून कचेरीत गेलो.

खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी पहिली ओळ वाचली, चष्मा वर केला. “मौजे कामम?”

“कामण,” मी म्हटलं.

“इथे कामम लिहिलंय. असं गाव नाही आपल्या तालुक्यात.”

मी शिफ्टचं सांगायला लागलो. आजोबांचं नाव तीनदा तपासलं होतं हेही सांगितलं. गावाचं नाव कोण तपासतो? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुतळीनं टेबलाला बांधलेलं पेन खिडकीतून जेवढं येईल तेवढं पुढे केलं आणि म्हणाले, “काट मारा, वर ण लिहा, बाजूला छोटी सही करा. खाडाखोड आहे तिथे सगळीकडे.”

मी उभ्यानं अर्ज वाचला. चार ठिकाणी कामम होतं. चारही ठिकाणी काट मारली, ण लिहिला, सही केली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला आणि मागच्या बाजूवर पाचवं दाखवलं.